डावीकडचं बेअरिंग

मी घासाघीस करतो हे सगळ्या मुकुंदवाडीला माहीत आहे. भाजीवाल्याशी करतो, पत्रेवाल्याशी करतो. मुलीच्या लग्नात मंडपवाल्याशी इतकी केली की तो शेवटी म्हणाला, "काका, मंडप तुम्हीच टाका, मी वऱ्हाडात बसतो." मला त्याची कधी लाज वाटली नाही. ज्याला घरातून एक पानासुद्धा मिळालेला नाही, त्याने भाव केला नाही तर तो उभा राहणार कसा?

पण मी डुप्लिकेट बेअरिंग बसवतो, असं आज कन्नडपासून चिकलठाण्यापर्यंत बोललं जातं. ते खोटं आहे. मी पत्र्यावर भाव केला, रंगावर केला, गॅरेजच्या भाड्यावर केला. बेअरिंग मात्र कधी हलकं घेतलं नाही. हे मी तोंडाने सांगून थकलो. ऐकणारा मान हलवतो आणि जाताना हसतो. म्हणून एकदा नीट लिहून काढतो आहे.

मी आधी वाळूजला एका कारखान्यात कंत्राटी कामगार होतो. दुचाकीच्या मागच्या चाकात बेअरिंग दाबून बसवायच्या मशीनवर माझी ड्युटी असायची. बेअरिंग हातोड्याने ठोकून बसवलं तर ते बसवतानाच मरतं, फक्त बातमी नंतर कळते, हे मी तिथं शिकलो. कंत्राट संपल्यावर मुकुंदवाडी स्टेशनच्या बाजूला पत्र्याची शेड टाकली. तिचं पुढं पक्कं गॅरेज झालं, शटर आलं, शटरवर पाटी आली. पाटी मी स्वतः रंगवली, कारण पेंटर अक्षरामागे भाव सांगत होता.

सुरुवातीला मोटारसायकली करायचो. मग वेरूळ, म्हैसमाळ, कन्नड या बाजूला शेतावरची रिसॉर्टं निघाली आणि त्यांनी पाहुण्यांसाठी एटीव्ही आणल्या. चार जाड टायर, मधे मोटारसायकलसारखी सीट आणि हँडल. आमच्याकडं लोक तिला चारचाकी फटफटी म्हणतात. शहरात तिची दुरुस्ती कुणाला येत नव्हती. मोटारसायकलवाले म्हणायचे ही मोटार आहे, मोटारवाले म्हणायचे हे खेळणं आहे. मी एक उघडून बघितली आणि माझ्या लक्षात आलं की या गाडीचा सगळा जीव मागच्या बाजूला आहे.

मोटारीची मागची दोन चाकं वळणावर वेगवेगळ्या वेगाने फिरू शकतात. रिसॉर्टवाल्यांच्या या गाड्यांना ती सोय नसते. या चाकापासून त्या चाकापर्यंत एकच सरळ दांडा, म्हणजे एक्सल. तो एका नळकांड्यातून जातो आणि नळकांड्याच्या दोन टोकांना दोन बेअरिंगं असतात. दोन्ही चाकं एकत्रच फिरतात, त्यामुळे वळताना एक चाक फरफटतं. तो ताण दांड्यावर येतो आणि दांड्यावरून बेअरिंगांवर.

गिऱ्हाईक येऊन एवढंच सांगतं, "मागून आवाज येतोय." मी त्याला गाडी चालू करू देत नाही. आधी मागची बाजू जॅकवर उचलायची, चाक वरून आणि खालून धरायचं आणि हलवायचं. नुसतं चाक हललं आणि दांडा जागचा हलला नाही, तर चाकाच्या आतल्या खाचा झिजल्या आहेत किंवा नट ढिला आहे. चाकाबरोबर दांडाही हलला तर बेअरिंग गेलं. दांडा ज्यात बसवला आहे तो अख्खा फाटाच हलला, तर तो फ्रेमला जोडणाऱ्या बुश संपल्या. मग चाक हाताने सावकाश फिरवायचं आणि रिमच्या कडेजवळ खडू स्थिर धरायचा. रेघ गोल लागली तर दांडा सरळ आहे. एकाच बाजूला लागली तर वाकला आहे. एवढं झाल्यावर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक नळकांड्यावर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. चांगलं बेअरिंग नुसतं सरसरतं. मरणारं बेअरिंग दळण दळल्यासारखं वाजतं.

कन्नडच्या पुढं, घाटाच्या पायथ्याला एका शेतकरी घराण्याची मोठी जमीन आहे. धाकट्या मुलाने तिथं झोपड्या बांधल्या, थंडीत हुरडा पार्ट्या सुरू केल्या, डोंगराच्या उतारावर एटीव्हीचा रस्ता काढला. त्याच्या सगळ्या गाड्यांचं काम मला मिळालं. वर्षभराचं काम. त्या एका कामावर मी शेजारचा गाळा घेतला. ते ठरवताना आम्ही एक अख्खी सकाळ त्याच्या ओट्यावर बसून वाद घातला. तो मला त्याला दादा म्हणू देत होता आणि मला मिस्त्री म्हणत होता. गाड्या कुणी आणायच्या, कुणी पोचवायच्या, पाऊसकाळात काय करायचं, सगळ्यावर घासाघीस झाली. शेवटी सुट्या भागांवर अडलं.

"भाग आम्ही आणून देतो, तुम्ही बसवा," तो म्हणाला.

"मग गाडी बिघडली की तुम्ही म्हणणार मिस्त्रीचा हात खराब," मी म्हणालो. "भाग मी आणणार, मीच बसवणार. हात माझा, माल माझा, जबाबदारी माझी."

त्याने मान्य केलं. मला वाटलं मी जिंकलो.

त्याची आई तिथंच ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. सगळे तिला माई म्हणायचे. गाड्या ज्या शेडमध्ये उभ्या राहायच्या ती ओट्याच्या समोरच होती, त्यामुळे कोण आलं, कोण गेलं, कुणी गाडी जोरात चालवली हे सगळं तिला माहीत असायचं. आमचा सौदा झाल्यावर ती म्हणाली, "मिस्त्री, च्या घ्या आता. लई भांडलात. आमच्या बैलबाजारात बी एवढं भांडत नाय कुणी." मी चहा प्यालो. त्यानंतर जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा तिने विचारल्याशिवाय चहा पाठवला.

पहिला मोसम बरा गेला. दुसऱ्या मोसमात एक गाडी आली, मागून घरघर. उचलून बघितली तर डावीकडचं बेअरिंग गेलेलं. बदललं. थोड्या दिवसांनी दुसरी गाडी, तिचंही डावीकडचंच. मग पहिली पुन्हा आली, पुन्हा डावं.

इथं माझं डोकं चालेना. त्या गाड्यांना चेनचं दातेरी चाक आणि ब्रेकची डिस्क दोन्ही उजव्या बाजूला आहेत. डाव्या बाजूला नळकांडं आणि चाक यांच्यामधे नुसता उघडा दांडा आहे, दुसरं काही नाही. चेनची सगळी ओढ उजव्या बेअरिंगवर येते. मरायचं तर त्याने आधी मरायला पाहिजे. ते गुळगुळीत राहत होतं आणि ज्याच्यावर भार नाही ते मरत होतं.

मी बेअरिंगं मोंढा नाक्याजवळच्या एका चाचांकडून घेतो. वाळूज सोडल्यापासून त्यांच्याकडूनच. चाचांशीही मी भाव करतो, पण तो ग्रीसवर, सीलवर, चहावर. बेअरिंग ते म्हणतील त्या भावाने उचलतो. मी मेलेलं बेअरिंग नेऊन त्यांच्या काउंटरवर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "माल सही है भाऊ. इसमें मिट्टी गई है. घी सूख गया." ग्रीसला ते घी म्हणतात.

माती गेली म्हणजे सील फुटलं. सील म्हणजे बेअरिंगच्या तोंडाशी बसलेली रबराची कडी, ग्रीस आत ठेवणारी आणि चिखल बाहेर. ती कशाने फुटते हे शोधायला लागलो. रिसॉर्टवरची माणसं गाड्या प्रेशरच्या पाण्याने धुवायची. मी ते बंद करायला लावलं. पुन्हा डावं गेलं. दांडे खडू धरून तपासले, सरळ होते. माझीच बसवण्याची पद्धत चुकते का म्हणून एका लेथवाल्याच्या प्रेसवर दाबून बसवलं. तरी डावंच गेलं.

आणि मग तो दिवस आला. एक पाहुणा बायको-मुलांसमोर उतारावरून गाडी घेऊन येत होता. डावीकडच्या बेअरिंगचा चुरा झाला, दांडा जाम झाला, गाडी आडवी फिरली. माणूस फेकला गेला आणि त्याचा हात मोडला. 

दुसऱ्या दिवशी सकाळी रिसॉर्टचा मालक स्वतः मुकुंदवाडीला आला. माझ्या गॅरेजसमोर चहाची टपरी आहे, तिथं सकाळी सगळी आळी उभी असते. त्याने आत येऊन बोलायला पाहिजे होतं. तो टपरीपाशीच उभा राहिला.

"मिस्त्री, भाव करून करून कुठला माल आणता तुम्ही?"

"चाचांच्या दुकानातला. डब्बा तुमच्यासमोर फोडायला तयार आहे."

"डब्बा काय, डब्बा बी डुप्लिकेट मिळतो."

"दादा, डुप्लिकेट बेअरिंगला डावं-उजवं कळतं का? दोन्ही एका दुकानातली, एका डब्यातली. ज्याच्यावर चेनची ओढ आहे ते टिकतं अन् मोकळं आहे ते मरतं. हे मालाचं दुखणं नाही. दुसरं काहीतरी आहे."

"मग ते दुसरं काय ते दाखवा," तो म्हणाला. "मिस्त्री तुम्ही आहात. हुरडा सुरू व्हायच्या आत दाखवा. नाहीतर मी समजतो ते खरं."

टपरीवाला ग्लास धूत होता. त्याने मान वर केली नाही, पण त्याचा हात थांबला. मी इतकी वर्षं त्याच्याशी कटिंगच्या मापावरून भांडत आलो आहे. हा माणूस बेअरिंगवर तरी पैसे सोडेल का, असं त्याला वाटलं असेल तर मी त्याला काय म्हणणार होतो?

तोपर्यंत गाड्या नेहमी पिकअपमधून माझ्याकडे यायच्या. धुतलेल्या, पुसलेल्या, चिखलाचा थेंब नाही. मी ठरवलं की आता गाडी चालते तिथंच जाऊन बघायची, न सांगता. सकाळची कन्नडची एसटी पकडली. अमावस्या होऊन एकच दिवस झाला होता. पाण्याची मोटर जळाल्यामुळे त्या दिवशी कुणी गाड्या धुतल्या नव्हत्या, सगळ्या चिखलात माखलेल्या शेडमध्ये उभ्या होत्या. मी पाठीवर झोपून पहिल्या गाडीखाली शिरलो.

डाव्या बाजूला, नळकांड्याच्या तोंडाशी, दांड्यावर एक काळं कडं होतं. आधी वाटलं फाटलेल्या सीलचं रबर. आकड्याने ओढलं तर ते लांबतच गेलं. दोरा होता. काळा, पक्का, न तुटणारा दोरा, चातीवर सूत गुंडाळावं तसा घट्ट गुंडाळलेला, आणि त्यात ओवलेल्या बिब्ब्याचे तुकडे. दुसऱ्या गाडीखाली गेलो. तिथं दोरा कालचाच, ताजा, अजून गाठ दिसत होती. तिसऱ्या गाडीचा अर्धा आत गेलेला.

दोरा बांधायला एक्सलवर हात पोचेल अशी उघडी जागा फक्त डावीकडे होती. दांडा फिरला की दोरा घट्ट होत होत सरकत सीलपाशी जातो. सीलची कड पातळ असते, ती तो कापतो. मग चिखल आत आणि ग्रीस बाहेर. बाहेर लोंबणारी मळकी टोकं माझ्याकडे पाठवायच्या आधी धुणारी माणसं कापून टाकत असणार, आणि आतला दोरा ग्रीस-चिखलात कालवून काळा चोथा झालेला. म्हणून इतके दिवस माझ्या हाताखालून तो गेला आणि मला कळला नाही.

मी मालकाला बोलावलं. त्याच्यासमोर एका गाडीचं डावं चाक काढलं, सील उपटलं. आतून दोऱ्याचा लोळा निघाला. मी तो त्याच्या तळहातावर ठेवला. मला वाटलं आता हा माफी मागेल. तो ओट्याच्या पायरीवर बसला.

"आई बांधते," मग तो म्हणाला. "दर अमावस्येला. गेल्या साली मी गाडीसकट उतारावर पालथा झालो व्हतो, तवापासून. कुणाला बांधू देत नाय, सोता वाकून बांधते."

"मग सांगा त्यांना."

"काय सांगू? तुझ्या दोऱ्यानं त्या माणसाचा हात मोडला? ती जेवायची नाय, मिस्त्री."

"अन् मी? मी टपरीवर चोर झालोय."

त्याने आवाज खाली आणला. "एक करा. माल खराब निघाला म्हणा. कंपनीकडूनच तसा आला म्हणा. तुमचं काम चालू राहील, कुणाला देत नाय मी. दोरे मी बघतो, बांधले की दुसऱ्या दिवशी गुपचूप काढायला लावतो."

आयुष्यभर मी सौदे केले. समोरचा काय सोडायला तयार आहे हे मला त्याच्या बसण्यावरून कळतं. हा माणूस पायरीच्या कडेला बसला होता. मी म्हणालो, "ठीक आहे. तुमच्या आईला काही सांगू नका. पण मुकुंदवाडीला या, त्याच टपरीसमोर उभे राहा आणि म्हणा की मिस्त्रीचा माल खरा होता. कारण सांगू नका. एवढं एक वाक्य."

"कारण सांगितल्याबिगर कोण मानंल?"

"ते मी बघतो."

"नाय हो. एका तोंडानं डुप्लिकेट म्हणलो, दुसऱ्या तोंडानं खरा म्हणू? अन् तुम्हाला काय फरक पडतो? काम तर हाये."

"तुमचं नाव सातबाऱ्यावर आहे, आजोबांपासून," मी म्हणालो. "माझं पाटीवर आहे. ते पुसलं तर माझ्याकडं खाली दुसरं काही लिहिलेलं नाही."

यानंतर माझा आवाज चढला. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. शेडमधली माणसं जवळ आली आणि मागच्या दाराने माई बाहेर आली.

"काय झालं रं?"

मालक उठला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "काय नाय आई. ते बेअरिंगचंच. डुप्लिकेट निघाली."

मी खाली पडलेला दोरा उचलला. "माई, हे बघा," मी म्हणालो, "हा दोरा तुम्ही..."

तिने माझ्या हातातला दोरा बघितला, मग चाक काढलेली गाडी बघितली, आणि तिचा चेहरा उतरला. 

"ह्याला हात कुणी लावला? तुम्ही काढता व्हय?"

"माई, त्याच्यामुळंच..."

"तरीच," ती म्हणाली. ती शेडमधल्या माणसांकडे वळली. "तरीच मी म्हणते, मी बांधते अन् गाडी मिस्त्रीकडून आली की दोरा नसतो. कुठं जातो? हे तोडून टाकतात. म्हणून पडला तो माणूस."

मी मालकाकडे बघितलं. एक वाक्य बोलला असता तर पुष्कळ होतं. तो चिखलात पडलेल्या सीलकडे बघत होता.

"आमच्या घरचा च्या पिलात की ओ मिस्त्री," माई म्हणाली. ती ओरडली नाही, हळूच म्हणाली. मी हत्यारं पिशवीत भरली, एक पाना तिथंच राहिला, तो घ्यायला मागं फिरलो नाही. घाटाच्या पायथ्यापासून कन्नडपर्यंत जीप मिळाली. जीपवाल्याशी मी भाव केला नाही. त्यानं सांगितलं तेवढं दिलं.

दुसऱ्या दिवशी चाचांच्या दुकानावर गेलो. माझं डोकं अजून तापलेलं होतं. काउंटरसमोर दोन-तीन गिऱ्हाइकं होती, त्यात छावणीतला एक मिस्त्री. तो माणूस मोटारसायकली करतो, एटीव्हीला हात लावायची त्याची छाती नव्हती. बोलतो मात्र असा की ऐकणाऱ्याला पान खाल्ल्यासारखं वाटावं. मी चाचांना सगळं सांगितलं. हळू सांगायला पाहिजे होतं असं चाचा नंतर म्हणाले, पण ज्याला चोर म्हटलं आहे तो हळू कसा सांगणार?

"दोरा बांधायचाच आहे तर हँडलला बांधा म्हणावं," मी काउंटरवर हात आपटून म्हणालो. "आरशाला बांधा, गळ्यात बांधा. फिरत्या दांड्याला दोरा कोण बांधतं?"

"आस्ते भाऊ, आस्ते," चाचा म्हणाले. "बुढ्ढी माँ है. अपने बच्चे के वास्ते बांधती."

"तिच्या बच्च्यासाठी माझ्या बच्च्यांनी उपाशी राहायचं का?"

छावणीवाला चहा पीत ऐकत होता. त्याने मला विचारलं, "कोणच्या बाजूला म्हणालात? डावीकडं?" मी म्हणालो, हो, डावीकडं. त्याने मान हलवली, ग्लास ठेवला आणि गेला. मला तेव्हा वाटलं की एका तरी माणसाला माझं म्हणणं पटलं.

हुरडा सुरू व्हायच्या आत घाटाखालचं काम त्याला मिळालं होतं. पुढचं मला चाचांनीच सांगितलं. छावणीवाला तिथं गेला, पायातल्या चपला पायरीखाली काढून ठेवल्या, माईच्या पाया पडला. म्हणाला, "माई, तुमचा दोरा लई खाली बांधता. तिथं चिखल लागतो, शेण लागतं, माणसांचे पाय लागतात. देवाचं असं पायाखाली कशाला? हँडलला बांधा. बसणाऱ्याच्या डोळ्यासमोर राहील." माई इतकी खूश झाली की तिने तिथल्या तिथं सगळे दोरे स्वतः सोडवले आणि हँडलांना बांधले. मग त्याने नवी सीलं आणि नवी बेअरिंगं बसवली. याच चाचांच्या दुकानातली. मी बसवायचो त्याच कंपनीची.

ती टिकली. टिकणारच होती. दांडा मोकळा झाला, सील शाबूत राहिलं, ग्रीस आत राहिलं. त्या मोसमात एकही डावं बेअरिंग गेलं नाही, आणि त्यानेच माझा निकाल लागला. मिस्त्री बदलला आणि बेअरिंग जायचं बंद झालं, यापेक्षा मोठा पुरावा लोकांना कशाला हवा? मालकाला खरं माहीत आहे. छावणीवाल्याला माहीत आहे. चाचांना माहीत आहे. त्यांना मी म्हणालो की तुम्ही तरी चार लोकांत सांगा. ते म्हणाले, "मेरे कू दोनों गिऱ्हाईक हैं भाऊ. मैं किसके घर की बात खोलूँ?"

मीच का नाही गेलो पाया पडायला, असं माझ्या बायकोनेही विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही भाव करताना दहा वेळा उठून जाता अन् दहा वेळा परत येता. तिथं एकदा परत गेला असता तर?" मी तिला म्हणालो की भाव करायला मी परत जातो, चोरीचा आळ धुवायला पाया पडत जात नाही. ज्याने चोरी केली नाही त्याने चपला काढायच्या आणि ज्याने माझं म्हणणं उचललं त्याने आशीर्वाद घ्यायचा. ती पोळ्या लाटत राहिली.

शेजारचा गाळा सोडला. एटीव्ही अजून येतात, पण आता प्रत्येक जण तेच सांगतो, "मजुरी तुमची, माल मी आणतो." हीच अट मी एकदा मोडून काढली होती. आता ती मला माझ्याच दारात ऐकवतात.

मागच्या महिन्यात एक बागायतदार आला. डाळिंबावर फवारणी करायला त्याने एटीव्ही घेतली आहे, मागं टाकी बांधून चालवतो. मागून घरघर. मी उचलून हलवून बघितली, चाकासकट दांडा हलत होता. टाकीच्या वजनाने दोन्ही बेअरिंगं गेलेली. तो म्हणाला, "बेअरिंग हायेत माझ्याकडं," आणि पिशवीतून दोन डबे काढले.

डबा हातात घेतल्याबरोबर मला कळलं. छपाई फिकी होती. बेअरिंग बाहेर काढलं तर कडेवरचे आकडे कोरलेले नव्हते, नुसते उमटवलेले होते, नखाने पुसट होत होते. बोटावर फिरवलं तर कोरडं वाजलं.

"हे डुप्लिकेट आहे," मी म्हणालो. "कुठनं घेतलं?"

तो दुखावला नाही. टपरीकडे बघून थोडा हसला. "तुम्हाला बरं लगेच वळखू येतं, मिस्त्री."

टपरीवाल्याने ऐकलं. समोर उभ्या असलेल्या दोघांनी ऐकलं. मी बेअरिंग परत डब्यात घातलं, डबा बंद करून त्याच्या हातात दिला.

"हे मी बसवणार नाही."

"काहून? माल माझा हाये, जबाबदारी माझी. तुम्ही निस्ते बसवा."

"उतारावर दांडा जाम होईल. टाकी तुमच्या अंगावर येईल."

"मजुरी वाढवून पाहिजे का? सांगा ना तसं."

मी जॅक खाली घेतला, नट आवळले आणि गाडी शटरच्या बाहेर ढकलून दिली. त्याने पिकअपवाल्याला हाक मारली. दोघांनी मिळून फळीवरून गाडी वर चढवली. छावणीला जायचा रस्ता कुठला, हे त्याने टपरीवाल्याला विचारलं आणि टपरीवाल्याने तो नीट सांगितला.